मोटारीतली गार शेगडी

देवळाली कॅम्प
पौष महिना, दुपार

अहो, ऐकलंत का,

पत्राच्या डोक्यावर ‘प्रिय’ लिहायचं असतं, असं आपल्या कुसुमनं मागे सांगितलं होतं. लिहून बघितलं. खोडलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही आणि तुम्हीही मला म्हटलं नाहीत. आता तुम्ही गेल्यावर नवं कशाला सुरू करायचं? ‘अहो’वर आपलं सगळं भागलं. तेच बरं आहे.

माझं शिक्षण मराठी तिसरीचं, तेही अर्धं. अक्षर वाकडं येतंय. हसू नका. तुमचं तरी कुठं सरळ होतं?

भाद्रपदात तुम्ही गेलात, त्याला चार महिने झाले. इतक्या दिवसांत दहा जणींनी सांगितलं, रडून घे, मोकळी हो. मला रडायला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मला राग येतो. तोही आता कुणावर काढू? पण आज कागद घेऊन बसलेय ते रागानं नाही. गुरुवारी गनीभाई मिस्त्री आले होते.

दचकलात ना?

सायखेड्याहून सर्व्हिस मोटारीनं आले. तुम्ही गेल्याचं त्यांना आत्ता कळलं, कुणा बागायतदाराकडून. दाढी पार पांढरी झालीय. हातात पेरूंची पिशवी. आत या म्हटलं तर येईनात, पायरीवरच बसले. मी चहा केला. त्यांच्यासाठी फडताळाखाली वेगळा कप उपडा घातलेला असायचा, तो हाताला आला. परत ठेवून दिला आणि तुमच्या कपात चहा दिला. कोण काय म्हणेल ते म्हणो. म्हणायला आता इथं आहे कोण?

थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. तिकडं दुकान टाकलंय, नदीकाठच्या मळ्यांवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करतात म्हणाले. मी विचारलं, मोटारीचं काम का सोडलं? तेव्हा मान खाली घातली आणि म्हणाले, “वहिनी, शेठच्या हीटरचं काम माझ्या हातून कच्चं राहिलं. चार वर्षं डोकं खाल्लं मी माझं, कुठं चुकलो ते सापडत नाही. त्यानंतर मोटारीला हात लावायची हिंमतच झाली नाही. तुमच्या मालकांना माझ्यामुळं बोलणी खावी लागली. माफी मागायची होती. आता कुणाकडं मागू?”

आणि मी काय म्हटलं असेल? चहा गार होतोय, घ्या, म्हटलं.

इतकी तोंडाळ बाई मी. भाजीवालीपासून शेठच्या बाईसाहेबांपर्यंत कुणाला सोडलं नाही. आणि नेमकं जिथं बोलायचं तिथं दातखिळी बसली. ते पेरू अजून तसेच टोपलीत आहेत. एकही खाल्ला नाही.

म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते. मध्ये टोकू नका. तुम्हाला सोयीचं तेवढं आठवायची सवय होती, मला नाही.

हीटर बसला त्या वर्षीचा वैशाख आठवतो? तुम्ही मुंबईहून सामान घेऊन एकटेच शेठची गाडी आणत होता. कसारा घाटात निम्म्यावर इंजिन उकळलं, वाफेचा लोट निघाला आणि पुढचं काही दिसेना. तिथं दोन लॉरीवाले थांबले होते. ते म्हणाले, बूच काढून टाक, आम्ही सगळ्यांनी कधीच काढलंय, ही विलायतेच्या थंडीची थेरं आहेत, आपल्या घाटात कशाला पायजे? तुम्ही काढलंत. गाडी गपगुमान वर आली. घरी आलात ते हसतच. सदऱ्याच्या खिशातून ते पितळेचं बूच काढलंत आणि माझ्या तळहातावर ठेवलंत. लिंबाएवढं, मध्ये एक झडप. म्हणालात, इंजिनाच्या डोक्याशी, जिथून पाणी नळीत जातं तिथं हे बसतं. पाणी गार असलं की मिटतं, तापलं की आपलं आपण उघडतं.

मी विचारलं होतं, शेठना सांगितलं का? तुम्ही म्हणालात, वेड लागलंय का तुला?

बरोबरच होतं तुमचं. आधीच्या ड्रायव्हरला शेठनी का काढलं होतं? इंजिनातला एक तुकडा न विचारता काढला म्हणून. तुम्हाला नोकरीवर घेताना शेठनी पहिलं वाक्य तेच ऐकवलं होतं, मला विचारल्याशिवाय स्क्रूसुद्धा हलवायचा नाही. नोकरीच्या जिवावर ही खोली, खोलीच्या जिवावर संसार. मी ते बूच खिळे-चुकांच्या डब्यात टाकलं. तुम्ही विसरलात, मीही विसरले. पाऊस आला, गेला.

दिवाळीनंतर मुंबईहून ते खोकं आलं. शेठच्या आई, आपल्या माईजी, दम्यानं बेजार. दर बुधवारी सकाळी त्यांना नाशकाला डॉक्टरांकडं न्यायचं, आणि थंडीत तिथं पोचेपर्यंत त्यांचा श्वास फुलून यायचा. म्हणून शेठनी मोटारीत बसवायचं गरम हवेचं यंत्र मागवलं. शेठ त्याला हीटर म्हणायचे. तुम्ही शेगडी म्हणायचात. मोटारीत शेगडी, हे ऐकून मी म्हटलं होतं, उद्या चूल मांडा, मी भाकरी थापायला येते.

ते बसवायला तुम्हीच गनीभाईंना आणलंत. का नाही आणणार? तुम्हाला पाना धरायला कुणी शिकवलं? साहेब लोकांच्या गाड्या दुरुस्त करायला कॅम्पात त्यांच्याइतका हात कुणाचा होता? दोघं दिवसभर गाडीखाली पडून. इंजिनातलं गरम पाणी एका रबरी नळीनं त्या पेटीत आणायचं, दुसरीनं परत न्यायचं, मागून पंखा वारा मारणार, की गरम हवा पायाशी. दुपारी गाडी जागेवरच चालू ठेवून माईजींना आत बसवलं. ऊब आली. माईजी लहान मुलीसारख्या हसल्या आणि गनीभाईंच्या डोक्यावर त्यांनी लांबूनच हात फिरवल्यासारखं केलं. त्या दिवशी तुम्ही दोघं किती खूश होता! गनीभाईंच्या घरी जाऊन चोरून शेवया खाऊन आलात. चोरून कसल्या, मिशीला तूप होतं. मी बघितलं होतं. बोलले नाही, कारण तुमचा तो चेहरा मला मोडायचा नव्हता.

मग बुधवार उजाडला आणि पेटीतून गार वारा.

नुसता गार नाही, झोंबणारा. माईजी खोकत गेल्या आणि खोकत आल्या. शेठनी तुम्हाला व्हरांड्यात उभं केलं आणि सांगितलं, पुढच्या बुधवारपर्यंत हे नीट झालं नाही तर गाडी मुंबईला जाईल आणि येताना ड्रायव्हरही तिकडचाच येईल. कुसुमची सोयरीक नुकतीच ठरली होती. कळवणची माणसं. मुलीचा बाप शेठचा ड्रायव्हर आहे, बंगल्यात राहतो, यावर भुलून आलेली. तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत.

तो आठवडा माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाकीचं आयुष्य धुरकट झालं, तो आठवडा नाही.

पहिल्या दिवशी पंखा बघितलात. फिरत होता. इंजिनावरचा कॉक बघितलात, ज्यानं पेटीचं पाणी चालू-बंद होतं. उघडा होता. रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ. मग गनीभाई आले आणि म्हणाले, नळीत हवा अडकली असेल. गाडी चढावर नाक वर करून उभी केलीत, नळीचा पट्टा सैल केलात, बुडबुडे निघाले. आणि एकदम फुस्सकन पाणी तुमच्या अंगावर. गंजकं, तांबडं. नवा खाकी सदरा. मी तो तीनदा उकळला, डाग गेला नाही. त्यावरून मी तुम्हाला किती बोलले! तुमची नोकरी जायला आली होती आणि मी सदऱ्यासाठी भांडत होते. आता तोच सदरा खुंटीला आहे. डाग आहे म्हणून कुणाला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाटलं, पेटीत गाळ बसला. माझ्याकडं येऊन म्हणालात, चिंच कोळून दे, बंबाला लावतेस तसली. मी म्हटलं, अहो, नव्या भांड्याला चिंच कशाला? कालच तर खोक्यातून निघालंय. तुम्ही खेकसलात, तुला मोटारीतलं काय कळतं? दिली कोळून, बादलीभर. ओतलीत, हलवलीत, धुतलीत. आत होतंच काय निघायला? चिंचेचंच पाणी निघालं. चार दिवस मोटारीला आमटीचा वास येत होता. बाईसाहेब रुमाल नाकाला लावून बसायच्या.

तिसऱ्या दिवशी रेडिएटरच्या तोंडावर गोणपाट बांधलंत, वारा लागू नये म्हणून. त्यानं जरा फरक पडला, कोमट आलं. पण शेठनी बघितलं आणि विचारलं, मोटार आहे की बैल? झूल कशाला घातलीस? गोणपाट निघालं.

आणि या सगळ्यात गनीभाई एकच सांगत होते, जागेवर उभी असली की हवा गरम येते. खरंच यायची. दुपारी उन्हात उभी करून अर्धा तास चालू ठेवली की यायची. सकाळी रस्त्याला लागली की गार. तुम्ही दोघं त्यावरून हमरीतुमरीवर आलात. तुम्ही म्हणालात, नळ्या उलट्या जोडल्या असतील. ते म्हणाले, तू शेजारी होतास, तेव्हा का नाही बोललास? दोन नळ्यांची अदलाबदल केलीत. काही नाही. परत पहिल्यासारख्या जोडल्यात. गनीभाई निघून गेले. ते रागावून गेले नव्हते, घाबरून गेले होते. मला दाराआडून दिसलं होतं.

मंगळवारी सकाळी तुम्ही मला म्हणालात, शाल घे आणि चल.

मी शेठच्या मोटारीत! अकरा वर्षं तुम्ही ती धुतलीत, पुसलीत, हाकलीत. मी तिच्या चाकाला दसऱ्याला हळद-कुंकू लावायचे, तेवढाच माझा संबंध. तुम्हाला पेटीपुढं हात धरून बसायला कुणीतरी पाहिजे होतं, म्हणून मी. तुमच्या शेजारी, पुढच्या बाकावर. नाशिकचा रस्ता, दोन्हीकडं धुकं, बाभळींवर दव. तुम्ही दर फर्लांगाला विचारत होता, आता? मी सांगत होते, गार. आता? गार. आता? गारच आहे, किती वेळा विचारता? माझे पाय दगड झाले होते. तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत आणि परत रस्त्याकडं. मला वाटलं, या माणसाची नोकरी उद्या जाणार आणि आज मी याच्या शेजारी मोटारीत बसलेय, आणि मला बरं वाटतंय. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

घरी आल्यावर तुमच्या अंघोळीसाठी बंब पेटवला. तुम्ही ओट्यावर डोकं धरून बसला होता. घाईघाईत मी बंबाची तोटी उघडी ठेवली होती, वरून पाणी ओतत होते आणि खालून बादलीत पडत होतं. तुम्ही हात घातलात आणि चिडलात, कोमट कसं गं? मी म्हटलं, “तोटी उघडी राहिली. पाणी आत थांबलंच नाही तर तापणार कधी? खाली कितीही जाळ घाला. कोंडायला नको का त्याला?”

तुमचा हात बादलीतच राहिला.

तुम्ही उठलात, फडताळातून तो खिळ्यांचा डबा काढलात आणि जमिनीवर उपडा केलात. ते पितळी बूच हातात घेऊन माझ्याकडं बघितलंत. पाणी गार असलं की मिटतं, तापलं की उघडतं. ते काढून टाकल्यावर पाणी अडणार कशानं? इंजिनातून सरळ रेडिएटरमध्ये, तिथं वाऱ्यानं गार, परत इंजिनात. पळतच राहणार. गाडी उभी असली की वारा नाही, म्हणून कसंबसं तापायचं. धावली की संपलं. घाटासाठी केलेली युक्ती तुम्हाला पौषात नडली होती.

गनीभाईंच्या हातून काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. वैशाखात बूच निघालेलं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी तुम्ही ते गुपचूप बसवलंत आणि परत मला घेऊन निघालात. देवळालीची वेस ओलांडली नाही तोवर पायाशी ऊब आली. बोटांतून पोटऱ्यांत, तिथून गुडघ्यांत. तुम्ही विचारलंत, आता? मी म्हटलं, उकडतंय. तुम्ही इतके हसलात की मोटार रस्त्याच्या कडेला उभी करावी लागली. अहो, सत्तावीस वर्षांत तुम्ही असे किती वेळा हसलात? मला मोजून सांगता येईल. तो एक दिवस मला परत देईल का कुणी, असं विचारावंसं वाटतं. पण मग त्याच्या पुढचा दिवसही घ्यावा लागेल.

पुढचा दिवस बुधवार. माईजी गेल्या आणि न खोकता आल्या. शेठनी तुमच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, मिस्त्रीनं घोळ घातला होता ना? तू सुधारलंस?

आणि तुम्ही मान हलवलीत.

नुसती मान. तुम्हीच मला घरी येऊन सांगितलंत. म्हणालात, आत्ता जाऊन खरं सांगतो. पायात वहाणा घातल्यात. आणि दारात आडवी कोण झाली? मी. मी म्हटलं, गप्प बसा. आधी पोरीच्या अंगाला हळद लागू द्या. गनीभाईंना दुसरी गिऱ्हाइकं आहेत, आपल्याला दुसरी कुसुम आहे का? तुम्ही वहाणा काढल्यात.

गनीभाईंना दुसरी गिऱ्हाइकं राहिली नाहीत. शेठ बोलले, ते क्लबात ऐकलं गेलं. एकेक बंगला बंद झाला. फाल्गुनात कुसुमचं लग्न लागलं. गनीभाईंनी आहेर पाठवला, साडी आणि खण, आणि स्वतः आले नाहीत. लग्नानंतर मी म्हटलं, आता सांगा. तुम्ही म्हणालात, पुढच्या महिन्यात. मग ते सायखेड्याला गेले आणि तुम्ही म्हणालात, आता सांगून काय उपयोग? मीही सोडून दिलं. मला काय, सवय झाली. तुम्हाला झाली नाही. त्यानंतर तुम्ही कुणाच्याही गाडीला हात लावायचात तेव्हा आधी त्या ड्रायव्हरला विचारायचात, काही काढून ठेवलंयस का? लोक हसायचे. मी नाही हसायची.

आणि तापाचे ते नऊ दिवस. सातव्या दिवशी तुम्ही म्हणालात, गनीला बोलव. दोनदा म्हणालात. मला वाटलं, बरळताय. कपाळावरची पट्टी बदलली आणि दूध पाजलं. खरं सांगू? मला तसं वाटलं नव्हतं. मला कळलं होतं. मी घाबरले होते, की ते येतील, तुम्ही बोलाल, शेठच्या कानावर जाईल आणि तुमच्या आजारपणात मी कुठं राहू? तुमचं शेवटचं मागणं मी पट्टीखाली दाबलं. याची माफी मागायला मी कुणाकडं जाऊ? गनीभाई विचारतात तेच मी विचारते.

तुम्ही गेल्यावर तेराव्याला शेठ स्वतः आले होते. म्हणाले, असा माणूस मिळणार नाही, अकरा वर्षांवर चार वर्षं झाली, न विचारता एक स्क्रू हलवला नाही. ही खोली तुमची, तुम्ही आहात तोवर. माईजींना तेल लावायचं काम बाईसाहेबांनी मला दिलं. मी पदर डोक्यावर घेऊन ऐकत उभी होते. ज्या खोलीत बसून हे लिहितेय ती खोली त्या एका स्क्रूवर उभी आहे.

तुमच्यावर रागावलेय का मी? आहे. तुम्ही मला न विचारता मान हलवलीत. आणि मी दारात आडवी झाले तेव्हा मला बाजूला ढकललं का नाहीत? इतर वेळी ढकलायचात की. चूल नीट पेटली नाही तर आवाज चढवायचात आणि नेमकं तेव्हा माझं ऐकलंत.

पण तुम्ही वाईट नव्हता हो. वाईट माणसाला चार वर्षं बोचत नाही. भित्रे होता, माझ्यासारखेच. दोन भित्र्यांनी मिळून एका चांगल्या हातातलं काम काढून घेतलं. गुरुवारी त्या हातांकडं बघत होते मी. अहो, तो माणूस रोज विचार करतोय, माझी कुठली नळी चुकली? चार वर्षं! त्याची एकही नळी चुकलेली नाही हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. आता एकीलाच आहे. मी उद्या मेले तर?

तर ऐका, माझं ठरलं आहे. उद्या सकाळी माईजींना तेल लावून झालं की शेठच्या समोर उभी राहणार. त्यांना सगळं सांगणार, घाट, बूच, मान, सगळं. आणि गप्प बसा म्हणणारी मी होते हेही. ते आधी सांगणार. खोली घेतली तर घेतली. कुसुमकडं जाणार नाही, जावयाच्या दारात मला करमायचं नाही. भाकऱ्या थापता येतात, दळता येतं, कॅम्पात पलटणीतल्यांच्या बायकांना कामाला बाई लागतेच. मला नका शिकवू. शेठनी क्लबात जे सांगितलं ते परत क्लबातच जाऊन उलटं सांगा, असंही मी त्यांना म्हणणार आहे. ऐकतील न ऐकतील. मी म्हणणार.

आणि सोमवारी सायखेड्याची सर्व्हिस धरणार. गनीभाईंच्या दुकानात, चार शेतकरी बसलेले असतील तर त्यांच्यादेखत. मनात घोकून बघितलं, ‘यांनी’, ‘आमच्या मालकांनी’, ‘कुसुमच्या वडलांनी’. काहीच बरोबर लागत नाही. कुणाच्या तरी आडून बोलल्यासारखं वाटतं. आडून बोलायचे दिवस संपले. गनीभाईंना सरळ सांगायचं तर तुमचं नाव घ्यावं लागेल. लग्नात पानावर बसून उखाण्यात घेतलं होतं, तेही खालच्या आवाजात. त्यानंतर नाही.

सोमवारी घेईन. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. रागावू नका.

तुमचीच,
यमुना